ड्रिल मशीन खराब की भिंत निराळी? घरच्या वर्कशॉपबद्दल वाचकांचे प्रश्न

हत्यारांबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर ढीगच आला. त्यातली बरीच पत्रं फिरून फिरून ड्रिलवरच येतात, म्हणून सुरुवात तिथूनच करूया. मशीन कुठलं घेऊ हे जो तो विचारतो पण भोक कशात पाडायचंय ते फारच थोडे लोक सांगतात, आणि खरं उत्तर तिथेच असतं.

ठाण्यात नवीन टॉवरमध्ये राहायला आलोय. १० मिमीचं इम्पॅक्ट ड्रिल ऑनलाइन मागवलं, चांगल्या कंपनीचं आहे, पण पडद्याच्या रॉडसाठी भोकं पाडायला गेलो तर सेंटिमीटरभर आत जाऊन बिट लाल झालं. मशीन डिफेक्टिव्ह आहे का? परत करू का?

दादा, आधी एक बघून घ्या. मशीनवर हातोडीचं चिन्ह आणि बिटचं चिन्ह असं एक बटण असतं, ते हातोडीवर होतं ना? आणि फॉरवर्ड-रिव्हर्सचा खटका उलटा नव्हता ना? हसू नका, रिव्हर्समध्ये भिंत पाडायला निघालेले लोक भरपूर असतात.

हे दोन्ही नीट असेल तर मशीनमध्ये काही खोट नाही, भिंत कडक आहे. ठाणे, मुंबई, पुण्याकडच्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये विटा नसतातच, अ‍ॅल्युमिनियमचे साचे उभे करून अख्खा मजला भिंतींसकट काँक्रीटमध्ये ओततात, त्याला सगळे मायवान म्हणतात. म्हणजे तुमच्या बेडरूमची साधी भिंतसुद्धा आरसीसी. आणि समजा तुम्ही जुन्या विटांच्या बिल्डिंगमध्ये असता तरी पडद्याच्या रॉडला हाच त्रास झाला असता, कारण खिडकीच्या वर काँक्रीटची लिंटेल असते आणि रॉडची भोकं नेमकी तिच्यातच येतात. त्याच भिंतीत दोन फूट बाजूला फोटोसाठी भोक पाडा, लोण्यासारखं जाईल. आणि मग माणूस म्हणतो मशीन कधी चालतं कधी चालत नाही.

आता मशीनच्या आत काय होतं ते सांगतो म्हणजे पैसे कुठे जातात ते कळेल. तुमच्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या असतात, फिरताना एकमेकींवरून घसरत टकटकटक करतात, बॉक्सवर मिनिटाला ४० हजार ठोके वगैरे छापलेलं असतं आणि ते खोटंही नसतं, पण त्या ठोक्यात जीव नसतो, जोर मागून तुम्हीच लावायचा. काँक्रीटसाठी रोटरी हॅमर नावाचं वेगळं मशीन असतं, त्याचं तसं नाही. त्यात पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा आतल्या ठोकणीला बिटच्या मागच्या टोकावर आपटते. ठोके मिनिटाला ४-५ हजारच, पण छोट्या २ किलोवाल्या मशीनचासुद्धा एकेक ठोका साधारण २ ज्यूलचा (ज्यूल म्हणजे ठोक्याची ताकद मोजायचं माप). तुम्ही फक्त सरळ धरून ठेवायचं, ढकलायचं नाही, ढकललं तर उलट काम मंदावतं. त्याचं बिट वेगळं असतं, एसडीएस प्लस म्हणून मागायचं, मागचा दांडा १० मिमी जाड आणि त्याला खाचा असतात, साध्या चकमध्ये ते बसत नाही.

मग विकत घ्यायचं का? पडदे, गीझर, टीव्ही, दोन-चार शेल्फ एवढंच असेल तर नको. हार्डवेअरच्या दुकानात भाड्याने मिळतंय का विचारा, नाहीतर सोसायटीत कोणाकडे तरी असतंच, आणि सगळी भोकं पेन्सिलीने मार्क करून ठेवून एकाच दिवशी पाडून घ्या. तुमचं इम्पॅक्ट ड्रिल लाकूड, लोखंड आणि विटांच्या भिंतीला पुढे कायम उपयोगी आहे, ते ठेवा. ते लाल झालेलं बिट मात्र टाकून द्या, त्याच्या टोकाला कार्बाइडचा तुकडा ब्रेझिंग करून बसवलेला असतो आणि एवढं तापलं की तो ढिला होतो.

मायवान भिंतीबद्दल अजून दोन गोष्टी. वायरिंगचे पाइप काँक्रीट ओतायच्या आधीच भिंतीत टाकलेले असतात, त्यामुळे स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली भोक नको आणि बिल्डरकडून इलेक्ट्रिकल लेआउटचा कागद मिळत असेल तर मागून घ्या. दुसरं म्हणजे या भिंतींवर बिल्डिंगचा भार असतो, त्यात आडव्या झिऱ्या मारून पाइप फिरवायचा उद्योग कोणी मिस्त्री सुचवत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. भोक पाडताना बिट एकदम अडलं, आवाज किरकिरा झाला आणि धुळीत लोखंडाची चमक दिसली तर सळई लागलीये. तिच्याशी भांडू नका, २-३ सेंटिमीटर सरकून नवीन भोक पाडा.

डोळ्याला चष्मा आणि तोंडाला एन-९५ मास्क हवाच. काँक्रीटच्या बारीक धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसात जाऊन बसते, रुमालाने ती अडत नाही.

आमच्याकडे उलटं आहे. पुण्यात फ्लॅट, भिंती सिपोरेक्सच्या. भोक क्षणात पडतं पण किचनमधलं शेल्फ गिट्टीसकट (स्क्रू धरायला भोकात ठोकतात तो प्लॅस्टिकचा तुकडा) बाहेर आलं, बरण्या फुटल्या.

सिपोरेक्स म्हणजे हलक्या काँक्रीटचे ठोकळे, त्यात निम्म्याहून जास्त हवाच असते, घनमीटरला ६०० किलोच्या आसपास वजन, काँक्रीटचं २४०० धरा. त्यात हॅमर मोड लावलात की भोक वेडंवाकडं आणि मोठं होतं, आतला चुरा मोकळा पडतो आणि गिट्टी कशालाच धरत नाही. तेव्हा हॅमर बंद, साधं फिरवूनच भोक पाडायचं, आणि गिट्टीच्या मापापेक्षा बिट थोडं बारीक घ्यायचं म्हणजे गिट्टी ठोकून घट्ट बसते. नेहमीची ती दीड इंची पांढरी गिट्टी या भिंतीला नकोच, सिपोरेक्ससाठी लांब नायलॉनच्या वेगळ्या मिळतात, दुकानात स्पष्ट सांगून मागा. बरण्यांचं शेल्फ, गीझर, मायक्रोवेव्ह असलं जड काही असेल तर आधी भिंतीवर लाकडाची नाहीतर लोखंडाची आडवी पट्टी सहा-आठ ठिकाणी पकडून बसवा आणि वजन त्या पट्टीवर टाका, किंवा जागा बदलून कॉलमवर, बीमवर घ्या. गीझरसाठी तर काही लोक भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडून प्लेट लावतात, दिसायला फार देखणं नाही पण पडत नाही.

भिंत कसली आहे हे कळत नसेल तर कोपऱ्यात एक बारीक भोक पाडून धूळ बघा. लाल आली तर वीट, हलकी पांढुरकी पिठासारखी आली आणि बिट सरसर गेलं तर सिपोरेक्स, करडी आली आणि घाम फुटला तर काँक्रीट. प्लास्टरची पहिली १२-१५ मिमी धूळ सोडून पुढची बघायची, नाहीतर सगळ्याच भिंती सारख्या वाटतील.

आणि हो, माप. ६ मिमीच्या गिट्टीला ८ नंबरचा स्क्रू, ८ मिमीच्या गिट्टीला १० नंबरचा. भोक गिट्टीपेक्षा अर्धा-एक सेंटिमीटर खोल पाडा आणि धूळ फुंकून, म्हणजे तोंडाने नाही हो, पंपाने काढा.

घरातली किरकोळ कामं स्वतः करायला सुरुवात करायची आहे. सासरे म्हणतात मोठा टूलकिट घेऊन टाक, १०० पीस वाला. काय करू? (कोल्हापूरहून एक ताई)

ताई, १०० पीसमध्ये ७० तर बिट आणि सॉकेटच असतात, त्यातले तुम्हाला वर्षभरात चार लागतील, आणि पकड अशी येते की खिळा धरला की तोंड वाकडं. सासऱ्यांना म्हणावं तेवढ्याच पैशात मोजकी पण खरी हत्यारं येतात.

पहिली एक कॉम्बिनेशन पकड, ८ इंची. नाशिकच्या सातपूरमध्ये टपारियाने १९६९ साली स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने हत्यारं बनवायला घेतली, आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही इलेक्ट्रिशियनची पिशवी उघडा त्यांचं काहीतरी निघेलच. मी काही त्यांची जाहिरात करत नाहीये, दुसऱ्याही चांगल्या कंपन्या आहेत, मुद्दा एवढाच की हाताची चांगली हत्यारं आपल्याकडेच बनतात, त्यासाठी इंपोर्टेडच्या मागे लागायची गरज नाही. पकडीवर प्लॅस्टिकचं कव्हर दिसलं म्हणजे ती शॉकप्रूफ असं मात्र समजू नका, दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट असं छापलेलं असेल तरच ती विजेच्या कामाची, आणि तरीही मेन स्विच बंद करूनच हात घालायचा.

स्क्रू ड्रायव्हर दोनच घ्या, एक चपटा, एक फुलीचा २ नंबर म्हणजे पीएच-२. घरातले बहुतेक फुलीचे स्क्रू त्यानेच निघतात, आणि स्क्रूचं डोकं खराब होतं ते बहुतेक वेळा चुकीच्या नंबरचा ड्रायव्हर घुसवल्याने. ५ मीटरची टेप. तिच्या टोकाचा आकडा (हुक) हलतोय म्हणून ती परत करू नका, तो मुद्दामच ढिला असतो, आकड्याच्या स्वतःच्या जाडीएवढा मागेपुढे सरकतो म्हणजे आतून मोजा नाहीतर बाहेरून मोजा माप बरोबरच येतं. अर्ध्या किलोच्या आतली हातोडी, एक पोपट पाना, हॅकसॉ (ब्लेडचे दात हँडलच्या उलट दिशेला हवेत, पुष्कळ घरी उलटं लावलेलं असतं) आणि काटकोन बघायला एक गुण्या. गुण्या दुकानातच तपासायचा, सरळ कडेच्या फळीला टेकवून रेघ मारा, मग तो पलटवून त्याच जागी पुन्हा रेघ मारा, दोन्ही रेघा एकमेकींवर नाही आल्या तर तो गुण्या ९० अंशाचा नाही, दुसरा दाखव म्हणायचं. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

मशीन यातलं काहीच नाही. सहा महिने हातानेच काम करा, मग कशासाठी हात दुखतात ते आपोआप कळतं आणि त्याच कामाचं मशीन घ्या.

प्लायवूड कापायला मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावतात ते बरोबर आहे का? आमचा सुतार तेच वापरतो. मी तर ग्राइंडरलाच ब्लेड लावायचा विचार करतोय, तो घरात पडूनच आहे.

ग्राइंडरला दातांचं ब्लेड नाही, नाही आणि नाही. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फिरतो, हँडल आखूड, खाली टेकवायला प्लेट नाही, दात लाकडात अडकला की मशीन सरळ तुमच्याकडे उडी मारतं, आणि अशा वेळी हात, मांडी, तोंड यातलं काहीतरी मध्ये असतंच. यात मी कुणाचं ऐकून घेणार नाही.

मार्बल कटर त्यापेक्षा बरा कारण त्याला निदान खाली प्लेट असते, आणि आपल्याकडचे सुतार वर्षानुवर्षं त्याच्यावर अख्खी फर्निचरं करतायत हे खरंय. पण ते मशीन फरशीसाठी बनवलेलं आहे. लाकडाच्या सर्क्युलर सॉला ब्लेडच्या खालच्या अर्ध्या भागावर स्प्रिंगचं झाकण असतं, कापून झालं की ते आपलं आपण बंद होतं. कटरला ते नसतं. सुतार ब्लेड थांबेपर्यंत मशीन हातात धरून उभा राहतो, आपण घाई करतो आणि फिरतं मशीन मांडीवर नाहीतर वायरवर ठेवतो.

७ इंची सर्क्युलर सॉ घ्या, किंवा त्याहून सोपं, कापूच नका. ८ बाय ४ चं शीट म्हणजे २४४० बाय १२२० मिमी, १८ मिमी जाडीचं असेल तर एकट्याने उचलणंही कठीण. बऱ्याच प्लायवाल्यांकडे पॅनल सॉ (अख्खं शीट सरळ कापायचं मोठं मशीन) असतो नाहीतर शेजारच्या सुताराच्या कारखान्यात असतो, कागदावर मापं काढून न्या, प्रत्येक कापामागे ब्लेडची जाडी म्हणून ३ मिमी सोडा, कडा अशा येतात की घरी जन्मात येणार नाहीत. घरी कापायचंच असेल तर सर्क्युलर सॉला चांगली बाजू खाली ठेवायची, हातकरवतीला चांगली बाजू वर, आणि रेघेवर मास्किंग टेप चिकटवून मग कापायचं म्हणजे सालपट कमी निघतं.

ग्राइंडर लोखंडासाठी ठेवा. त्याच्या कटिंग चकत्यांना एक्सपायरी असते हे कोणी सांगत नाही, मधल्या पत्र्याच्या रिंगवर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं ते बघून घ्या, ती होऊन गेली असेल तर चकती दिसायला नवी असली तरी केराच्या टोपलीत.

पावसाळा आला की रत्नागिरीत सगळ्या हत्यारांना गंज चढतो. पटाशी, रंधा, करवत, सगळंच. दरवर्षी घासायचं किती?

कोकणात हवाच अशी की गंज पूर्ण थांबवता येत नाही, लांबवता येतो. काम झालं की हाताचा घाम पुसून टाका, घामात मीठ असतं, पटाशीवर उमटलेला अंगठ्याचा ठसा दोन दिवसांत तपकिरी होतो तो त्यामुळेच. मग शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात, आणि जे पावसाळाभर वापरायचं नाही त्याला ग्रीस नाहीतर मेण चोळून ठेवा. डब्ल्यूडी-४० सगळे फवारतात, पण ते १९५३ मध्ये पाणी हटवण्यासाठी म्हणून तयार झालेलं, नावातला डब्ल्यूडी म्हणजे तेच, वॉटर डिस्प्लेसमेंट, ओली झालेली वस्तू सुकवायला आणि अडकलेला बोल्ट सोडवायला उत्तम, साध्या डब्यातलं मात्र चार महिने टिकणारं कवच नाही.

पेटी जमिनीवर ठेवू नका, भिंतीलगतही नको. सिलिका जेलच्या पुड्या टाकता येतात पण त्या अधूनमधून तापवून सुकवाव्या लागतात, नाहीतर नुसती शोभा.

चढलेला गंज काढायला पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, सकाळी तारेच्या घासणीने घासा, सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करून तेल लावा. इथे तासाभराचा जरी आळस केला तरी नवा गंज समोर हजर होतो. लाकडी मुठींना जवसाचं तेल छान, पण तेल पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपलं आपण पेट घेऊ शकतं. पसरून वाळत घाला नाहीतर पाण्यात बुडवून मग टाका.

भाऊ न्यू जर्सीहून येतोय, म्हणतोय तिकडून बॅटरीचं ड्रिल आणि सर्क्युलर सॉ आणतो, स्वस्त पडतं. आणू दे का?

सॉ वायरचा असेल तर नको. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०, लावल्या लावल्या धूर निघेल, आणि त्याला पुरेल एवढा ट्रान्सफॉर्मर घेतलात तर वाचलेले पैसे त्यातच गेले. बॅटरीवाल्याला अडचण नाही, पण चार्जर बघा, त्यावर १०० ते २४० लिहिलेलं नसेल तर तो इथे चालणार नाही, आणि तिकडच्या पुष्कळ चार्जरवर नुसतं १२० च असतं. सुटी बॅटरी चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, केबिनमध्ये घ्यावी लागते, १०० वॉट-अवरपर्यंत. १८ व्होल्टची ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ९०, बसते. ड्रिल मात्र चेक-इनमध्येच, केबिनमध्ये ते सिक्युरिटीवाला काढून घेईल.

तिकडे २० व्होल्ट मॅक्स लिहितात आणि इकडे १८ व्होल्ट, दोन्ही एकच. आत पाच सेल असतात, फुल चार्ज झाल्यावर प्रत्येकी ४ व्होल्ट, एरवी ३.६, ज्याला जो आकडा आवडला तो त्याने छापला. रस्त्यावर नाहीतर ऑनलाइन ४८, ८८ असे आकडे लिहून जी स्वस्त ड्रिलं विकतात त्यांचा मात्र व्होल्टशी काही संबंध शोधू नका.

नवीन पटाशी घेतली, धारच नाही. ग्राइंडरवर लावली तर टोक निळं पडलं.

नवीन पटाशीला कारखान्यातून कामापुरती धार येतच नाही, ती आपणच काढायची. निळं पडलं म्हणजे तिथलं पोलाद ३०० अंशाच्या आसपास तापून मऊ झालं, आता त्या भागाची धार टिकणार नाही, तेवढा भाग हळूहळू घासून काढावा लागेल आणि प्रत्येक वेळी टोक पाण्यात बुडवत राहायचं.

पुढच्या वेळी ग्राइंडर नकोच. किचन ओट्याचा उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा घ्या, चांगला सपाट बघून, त्यावर पाणी मारून वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) चिकटवा, ४०० नंबरचा, मग १०००, मग २०००. आधी पटाशीची मागची बाजू टोकाकडे इंचभर आरशासारखी सपाट करा, लोक हेच गाळतात आणि मग दिवसभर समोरची बाजू घासत बसतात. मग समोरचा उतार २५ अंशाचा असतो त्यावर टेकवून, किंचित उचलून ३० अंशाच्या आसपास घासा, मागे बारीक बर (धारेवरून वळलेली पोलादाची कड) जाणवली की पलटवून एकदोनदा चोळून ती काढा. धार आली का हे बोटावर बघू नका, देवदाराच्या तुकड्याच्या टोकाकडून रेघांच्या आडवं कापून बघा, पापुद्रा निघाला तर झाली, भुगा झाला तर अजून घासा.

ड्रिल चालवताना हातमोजे घालावेत का?

नाही. बिटला मोज्याचा धागा लागला की बोटं त्याच्याबरोबर फिरतात. ओढणी, मोकळी बाही, गळ्यातली चेन, तेही नाही.

मशीनला दोनच पिन आहेत, अर्थिंग नाही. धोका आहे?

मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते डबल इन्सुलेटेड आहे, अर्थिंग लागतच नाही. खूण नसेल आणि बॉडी लोखंडी असेल तर वापरू नका. एक्स्टेंशनची वायर गुंडाळीवर असेल तर मोठ्या मशीनला पूर्ण सोडून मगच चालू करा, गुंडाळलेली तापते.

पुण्याच्या जुन्या बाजारात जुने लोखंडी रंधे दिसतात, घ्यावेत का?

जरूर, पण वेळ काढून जा. पात्याची लांबी किती उरलीये बघा, स्क्रू आणि चाकं हाताने फिरतायत का बघा. तळ सपाट आहे का ते बघायला पोलादी पट्टी उभी टेकवून उजेडाकडे धरा, थोडासा बाक असेल तर ग्रॅनाइटवर वॉटर पेपर टाकून निघतो. गंजाला घाबरू नका, वरचा गंज निघतो, खोल खड्डे पडले असतील तर पातं तेवढं बदलायचं. बॉडी बिडाची असते आणि पडली की तडकते, विशेषतः पातं बाहेर येतं त्या फटीच्या दोन्ही कोपऱ्यांजवळ, तिथे नखाने चाचपून बघा, चीर लागली तर फुकट दिला तरी घेऊ नका.